पाठकोरा कागद

"नारळ?" बुवांनी विचारलं.

"तीन फ्रँक."

"रुपयांत बोल."

"सत्त्याऐंशी."

बुवांनी अर्धा सोललेला बटाटा ताटलीत ठेवला आणि दोन्ही कान धरले. "अरे, सत्त्याऐंशी रुपयांत आपल्या भगवंताच्या देवळात चौदा नारळ फुटतील. पुजारी उलट आपल्यालाच प्रदक्षिणा घालील!"

झुरिक शहरातल्या एका परक्या स्वयंपाकघरात आम्ही दोघं जेवणाची तयारी करत होतो. घर तिथल्या मराठी मंडळातल्या कुणाचं तरी होतं, ते सुट्टीला गावी गेलेले. भार्गवबुवा वडगावकर धोतराचा काचा मारून, विजेच्या शेगडीसमोर उभे राहून भात रटरटायची वाट बघत होते. शुक्रवारची दुपार होती आणि संध्याकाळी पहिलं कीर्तन.

आम्ही स्वतः का रांधत होतो, ते सांगायला हवं. बुवांच्या घराण्याचा तीन पिढ्यांचा नेम होता. ज्यांच्यापुढे कीर्तन करायचं त्यांच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, बिदागीला हात लावायचा नाही. छप्पर चालेल, पाणी चालेल. परदेशच्या मंडळांकडून विमानाचं तिकीट घेतानासुद्धा त्यांनी आठ दिवस विचार केला होता. पुढचा सगळा खर्च आपल्या मास्तरकीच्या पेन्शनीतून. मस्कतला, लंडनला, सगळीकडे बायका पुरणपोळ्या करून वाट बघत बसायच्या आणि बुवा हात जोडून म्हणायचे, "माउली, नैवेद्य दाखवा, मी डोळ्यांनी जेवतो." मग रस्त्यात मला कोपरखळी, "काशीशेठ, पुरण फर्मास दिसत होतं रे."

काशीशेठ म्हणजे मी. काशिनाथ बुगडे. बार्शीला बाजारपेठेत आमचं किराणा दुकान, आणि बुवांच्या मागे पंधरा वर्षं पेटी माझी. कीर्तनाचं वेड मला आईच्या मांडीवर लागलं आणि भावाचं वेड वडिलांच्या गल्ल्यावर. दोन्ही अजून आहेत. दुकानदार माणूस परगावी गेला की आधी देऊळ बघत नाही, आधी भाव बघतो. परदेशात तर रांधायचं म्हणून बाजार मलाच करावा लागे, त्यामुळे मला रानच मोकळं मिळालं. कुठे बटाटे काय भाव, दूध काय, कोथिंबीर काय, केस कापायला किती पडतात. सगळं विचारायचं, रुपयांत गुणायचं आणि येऊन बुवांना ऐकवायचं. बुवा लहान मुलासारखे हसत. रोज फोनवर माईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सांगत, "आज काशीशेठनं काय बातमी आणली ठाऊक आहे?"

झुरिकला पोचेपर्यंत माझ्याकडे तीन गावांचे भाव जमले होते. पण ते कुठे तिकिटाच्या मागे, कुठे पाकिटाच्या कडेला. म्हटलं, पक्की यादी करावी. झुरिकच्या विमानतळावर मंडळाच्या शिरीषराव अग्निहोत्रींनी एक मोठं पाकीट माझ्या हातात दिलं होतं. "काशिनाथराव, किल्ली, ट्रामचा पास, फोन नंबर, सगळं यात आहे. सगळं बघून घ्या हं," असं म्हणत ते पुढच्या गाडीला धावले होते. त्या पाकिटात एक जाड, गुळगुळीत कागद होता. एका बाजूला जर्मन भाषेत काहीबाही छापलेलं, दुसरी बाजू स्वच्छ कोरी. मी आयुष्यात कोरा कागद विकत घेतलेला नाही. आमच्या धंद्यात पाठकोरा कागद म्हणजे लक्ष्मी. पट्टी घेऊन सुबक रेघा मारल्या. डावीकडे जिनसा, पुढे बार्शी, मस्कत, लंडन, झुरिक.

बुवांनी यादी नाकासमोर धरून वाचली. "अक्षर झकास आहे तुझं. शाळेत असतास तर पैकीच्या पैकी दिले असते."

शुक्रवारचं कीर्तन सुरेख झालं. शनिवारचंही. फक्त शनिवारी सकाळी एक गोष्ट झाली, तिला मी तेव्हा गोष्ट म्हटलं नाही. घर चढावर होतं. ट्रामपासून वर येताना बुवा तीनदा थांबले.

"काय झालं बुवा?"

"तळं बघतो जरा. केवढं निळं आहे बघ."

मीही बघितलं. खरंच निळं होतं.

रविवारी सकाळी मी भाजीची पिशवी घेऊन निघालो होतो. बुवा खिडकीशी पाठमोरे उभे होते. डावा खांदा उजव्या हातानं दाबत होते. उपरणं सारखं करताहेत असं मला वाटलं.

"काशीशेठ, तुझ्या यादीत एक जिन्नस राहिला की रे."

"कोणता?"

"वैद्य. इथे वैद्य काय भावानं मिळतो?"

मी मांडीवर थाप मारली. "वा बुवा! हे कसं सुचलं नाही मला!"

"तुला ज्याची भूक लागते तेच तुला सुचतं," बुवा म्हणाले आणि हसले. तोंड खिडकीकडेच होतं.

कोपऱ्यावर कदिरवेल नावाच्या लंकेतल्या तमिळ माणसाचं दुकान होतं. तीन दिवसांत आमची चांगली दोस्ती झाली होती. त्याची इंग्रजी मोडकी, माझी त्याहून मोडकी. पण दुकानदाराला दुकानदार कळतो. त्याच्या तांदळात मी बोटं घालून जुना की नवा ते सांगितल्यापासून तो मला चहा पाजायचा. मी त्याला दवाखान्याचं विचारलं. त्यानं कपाळाला हात लावला.

"बाहेरचा माणूस? कार्ड नाही? मग दिवसाला हजार, बाराशे फ्रँक. नुसत्या पलंगाचे. माझा मेहुणा चार दिवस होता. अजून फेडतोय."

चढ मी धावत आलो. दारातूनच ओरडलो, "बुवा, पस्तीस हजार!"

"कशाचे?"

"एका दिवसाचे! नुसतं दवाखान्यात झोपायचे. बार्शीत घोडके डॉक्टर पन्नास रुपये घेतो, आणि वर आपल्या दुकानातली हिंगाची डबी मागतो!"

बुवा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग मोठ्यानं हसले. "म्हणजे मग ठरलं. आजारी पडायचं ते बार्शीत."

"अगदी! इथे परवडायचं नाही."

"लिही, लिही. यादीत लिही."

मी लिहिलं. सगळ्यात खाली, ठसठशीत अक्षरांत.

दुपारी चारला शेवटचं कीर्तन होतं. एका चर्चच्या मागचं सभागृह भाड्यानं घेतलेलं. अडीचशे-तीनशे माणसं, बायका नऊवारीत, पोरं मोज्यांवर. पहिल्या रांगेत शिरीषराव टाळ घेऊन. तबल्याला तिथलाच एक इंजिनिअर, हात जरा कच्चा पण लयीचा पक्का. मी पेटीवर काळी दोन धरली. बुवा उभे राहिले आणि नमनाला जो सूर लागला तो पंधरा वर्षांत मी ऐकला नव्हता. अंगावर काटा आला.

पूर्वरंगात निम्म्यावर आल्यावर त्यांनी माझ्याकडे हात केला. "काशीशेठ, तो कागद आण."

मी पेटीवरचा कागद उचलून दिला.

"मंडळी, आमच्या काशिनाथशेठनं चार गावांचे बाजार पालथे घातले आहेत. मी नाम गोळा करत होतो, हा भाव गोळा करत होता. ऐका. बटाटे! बार्शीला सहा रुपये, मस्कतला बावीस, लंडनला पस्तीस आणि तुमच्या झुरिकात अठ्ठावन्न. अहो, इथे बटाटा सोलताना हात थरथरतो माझा, साल जाड निघाली तर पाच रुपये गेले!"

हशा उसळला.

"हजामत! बार्शीला दहा रुपये, वर गावभरच्या बातम्या फुकट. इथे तेराशे, आणि न्हावी तोंड उघडत नाही!"

माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसायला लागली. परदेशात राहणारा प्रत्येक जण हा गुणाकार मनात करत असतो. आज तो कुणीतरी मोठ्यानं करत होतं.

"आता शेवटचा जिन्नस. वैद्य! बार्शीला पन्नास रुपये. इथे... काशीशेठ, मला तर उच्चार जमत नाही, तूच सांग."

मी पेटीचा भाता सोडला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "पस्तीस हजार!"

त्या हशानं छत हललं. बुवाही हसत होते. कपाळावरून घाम वाहत होता. पण कीर्तनात बुवांना घाम नेहमीच यायचा.

"आणि मंडळी, ह्या यादीत एक ओळ ह्यानं लिहिलेलीच नाही. पांडुरंगाचं नाव! बार्शीला काय भाव?"

"फुकट!" सभा म्हणाली.

"मस्कतला?"

"फुकट!"

"झुरिकला?"

"फुकट!"

"मग घ्या की हो! चारही गावांत ज्याचा एकच भाव, ते घ्यायला हात का आखडता?" आणि त्यांनी तो कागद छातीशी धरला, डोळे मिटले आणि विठ्ठलनामाचा गजर सुरू केला. सगळं सभागृह उभं राहिलं. मी पेटी वाजवत होतो आणि रडत होतो. सुखानं.

उत्तररंगाला त्यांनी तो द्वारकेचा प्रसंग लावला. गरीब मित्र पुरचुंडी घेऊन जातो, सोन्याच्या महालात राहतो आणि काही न मागता परत फिरतो. तो परत फिरण्याचा भाग बुवांनी फार हळू सांगितला. दोनदा थांबले. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या.

आरती झाली. माणसं रांगेनं आली. बुवांनी एकेकाला बुक्का लावला, एकेकाला मिठी मारली. शिरीषराव पायांशी वाकले तेव्हा त्यांना उठवताना बुवांचा तोल गेला. "वय झालं," बुवा म्हणाले.

सोमवारी आम्ही विमानात बसलो. दोन तास झाले असतील. बुवांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हात गार होता.

"काशिनाथ," ते म्हणाले. काशीशेठ नाही, काशिनाथ. "डावा हात जड झालाय. छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं वाटतंय."

"कधीपासून?"

"शनिवारपासून. आज जास्त आहे."

"बुवा! मग सांगितलं का नाही? एवढी माणसं होती तिथे!"

"सांगणार होतो. काल सकाळी तुला विचारलं नाही का, वैद्य काय भावानं मिळतो म्हणून?" ते थोडं थांबले, श्वास घेतला. "तू भाव आणलास. पस्तीस हजार रोजचे. माझ्याकडे कुठले? मंडळाच्या पोरांच्याच गळ्यात पडले असते. औषध घेऊ नये असा काही नेम नाही माझा. पण ज्यांच्या घरचा घास घेतला नाही, त्यांच्यावर एवढं मोठं दुखणं टाकायचं? म्हटलं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. घोडके डॉक्टर बघेल."

मी हवाई सुंदरीला बोलावलं. विमानात एक डॉक्टर होता, त्यानं काहीतरी गोळी जिभेखाली ठेवली. बुवा त्याला म्हणाले, "किती झाले?" त्याला मराठी कळलं नाही. माझ्याकडे बघून बुवांनी डोळा मिचकावला.

मुंबईत उतरलो तेव्हा उजाडत होतं. विमानतळावरून थेट दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्या परीनं सगळं केलं. बाहेर येऊन मला म्हणाले, "तीन दिवस हृदय झगडत होतं. पहिल्या दिवशी कुठेही नेलं असतं तरी..." माई बार्शीहून एसटीनं निघाल्या होत्या. त्या टेंभुर्णीपर्यंत आल्या असतील तेव्हा बुवा गेले.

विमानातलं बोलणं मी कुणाला सांगितलं नाही. माईंनासुद्धा नाही. रोज दुकान उघडायचं, कुणी भाव विचारला की सांगायचा. गिऱ्हाईक "बाप रे" म्हणालं की मी मान खाली घालून पुडी बांधायला लागायचो. भाव सांगण्यात काय पाप आहे, असं मी माझ्याच मनाला समजवायचो. खरा भाव होता तो. वजनात खोट नव्हती. आणि कळवलं असतं तरी पैसे कुठून आले असते?

असं वर्ष गेलं. पहिल्या पुण्यतिथीला भगवंताच्या देवळात कीर्तन ठेवलं आणि झुरिकहून शिरीषराव आले, खास त्यासाठी. सकाळी ते माझ्या दुकानात पोत्यावर बसले. चहा झाला. बुवांच्या आठवणी निघाल्या.

"ती यादी काय वाचली होती हो बुवांनी!" शिरीषराव म्हणाले. "आमच्याकडे अजून घराघरांत बोलतात. बटाटा सोलताना हात थरथरतो!"

"आहे माझ्याकडे," मी म्हणालो. "पेटीच्या खोक्यात."

"खरं? दाखवा ना."

मी आतून कागद आणला. शिरीषराव वाचत गेले, हसत गेले. कोथिंबिरीपाशी डोळे पुसले. "मागे आणखी काही लिहिलंय का?" असं म्हणत त्यांनी कागद उलटा केला.

मी गिऱ्हाइकाला डाळ जोखत होतो. त्यांचं हसणं थांबलं, म्हणून मान वर केली. शिरीषरावांचा चेहरा पांढरा पडला होता.

"काशिनाथराव, हा कागद..."

"तुम्हीच दिलेला. त्या पाकिटातला. पाठकोरा होता, म्हटलं वाया कशाला घालवा."

"तुम्ही वाचला नव्हता?"

"जर्मन कुठलं येतंय मला?"

"ही नावं वाचली असतील ना?" त्यांनी बोट ठेवलं. एक बुवांचं नाव. एक माझं. इंग्रजी अक्षरांत.

"वाचली होती. मला वाटलं, कार्यक्रमाची काही परवानगी असेल."

शिरीषरावांनी चष्मा काढला. "विमा आहे हा. तुमच्या दोघांचा. आम्ही येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचा उतरवतो. डॉक्टर, दवाखाना, ऑपरेशन, सगळं यात होतं. हा कागद नुसता दाखवायचा. एक फ्रँक कुणाला पडला नसता."

हातातला तराजू मी खाली ठेवला. गिऱ्हाईक म्हणालं, "शेठ, अर्धा किलोच पाहिजे."

"तुम्ही बोलला नाहीत तसं," मी म्हणालो.

"सगळं बघून घ्या म्हणालो होतो." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "घाईत होतो. चूक माझीच आहे. मुंबईचे डॉक्टर तीन दिवस म्हणाले, असं आम्ही ऐकलं होतं. बुवांना दुखत होतं, हे तुम्हाला कधी कळलं?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. खिडकीजवळचा प्रश्न, कदिरवेल, पस्तीस हजार, विमान. शिरीषरावांनी कागद पुन्हा उलटसुलट करून बघितला.

"कीर्तनात त्यांनी हाच हातात धरला होता," ते म्हणाले. "वाचताना यादी त्यांच्याकडे. म्हणजे ही बाजू आमच्याकडे होती. मी पहिल्या रांगेत होतो, काशिनाथराव. टाळ वाजवत होतो. हसत होतो."

दुपारी मी दुकान बंद केलं आणि माईंकडे गेलो. एकटाच. पुण्यतिथीच्या समईसाठी त्या वाती वळत बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि वर्षभर गिळलेलं सगळं ओकून टाकलं. विमानातलं, आणि आता हे कागदाचं. शेवटी म्हणालो, "माई, मी मारलं त्यांना."

माई वाती वळत राहिल्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, "वाच."

"काय?"

"ते भाव. त्यांनी वाचले तसे वाच. मी कीर्तनाला नव्हते."

मी वाचायला लागलो. बटाटे. दूध. कोथिंबीर. नारळ. हजामतीपाशी माईंच्या ओठांना थोडं हसू आलं. शेवटच्या ओळीपाशी मी थांबलो.

"वाच की."

"वैद्य," मी म्हणालो. "बार्शीला पन्नास. झुरिकला पस्तीस हजार."

"याच्यावर हसले लोक?"

"फार हसले."

"आणि हे?"

"तेही."

माईंनी वळलेल्या वाती ताम्हनात नीट लावल्या. "त्या रविवारी फोन आला होता त्यांचा. कीर्तनाला निघायच्या आधी. म्हणाले, काशीला बरोबर आणलं हे फार बरं झालं. परक्या मुलखात मला काही कळलं नसतं. हा सगळं विचारून येतो आणि मला सांगतो."

त्यांनी कागद माझ्या हातून घेतला, पदरानं पुसला आणि परत माझ्याच हातात दिला. "संध्याकाळी पेटीला आहेस ना? चारला ये. सूर लावायला वेळ लागतो तुझ्या पेटीला."

मी गेलो. वाजवली.

त्याला पुष्कळ वर्षं झाली. माई गेल्या, दुकान आता पोरगा बघतो. पेटी अजून माझ्याकडेच आहे. तो कागद खोक्यात तळाशी ठेवलेला असतो, भावांची बाजू खाली करून. पेटी बाहेर काढली की छापलेली बाजू दिसते. जर्मन मला अजूनही येत नाही. दोन नावं तेवढी वाचता येतात.